क्रोन्समध्ये जीन्स किती टक्के आणि खाणंपिणं किती टक्के?

तुम्ही विचारलंय की २४ वर्षांच्या भावाला क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार) निघालाय, घरात आधी कुणालाच नव्हता, आई म्हणते हॉस्टेलच्या जेवणाने झालं आणि काका म्हणतात रक्तातच असणार, तर नक्की कशाचे किती टक्के आणि शास्त्रज्ञ हे मोजतात तरी कसं. मी स्टॅटिस्टिक्सचा माणूस, जेनेटिक्सच्या डेटावर काम करतो, आणि माझ्या मावसबहिणीला हाच आजार आहे (तिला आधी आतड्याचा टीबी समजून टीबीच्या गोळ्या चालू होत्या, आपल्याकडे या दोन्हीत खरंच गल्लत होते, बायोप्सी बघूनही कधीकधी कळत नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टक्क्यांचं बोलू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. दही लावताना बघा, विरजण नसेल तर दूध कितीही कोमट ठेवा दही लागत नाही, आणि विरजण घालून भांडं फ्रीजमध्ये ठेवलं तरी लागत नाही, मग लागलेल्या दह्यात विरजणाचे किती टक्के आणि उबेचे किती? सांगताच येत नाही. पण दहा घरं घेतली आणि कुणाचं लागलं, कुणाचं नाही हा फरक कशामुळे पडला असं विचारलं, तर उत्तर आहे. मे महिन्यात नागपूरला सगळ्यांकडेच उकडतंय, तिथे फरक पडेल तो विरजणाचा. डिसेंबरात नाशिकला सगळ्यांनी एकाच घरातून विरजण नेलं तर फरक पडेल तो उबेचा. जीन्सचे अमुक टक्के असं जे वाचायला मिळतं ते हे दुसरं गणित आहे, लोकांमधल्या फरकाचं, त्या ठिकाणचं आणि त्या काळातलं. तुमच्या भावाच्या एकट्याच्या आतड्याला ते लावता येत नाही.

हा फरक मोजायला जुळी भावंडं सगळ्यात कामाची. १९८८ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांच्या १८ जोड्या होत्या ज्यात किमान एकाला क्रोन्स होता, त्यातल्या ८ जोड्यांत दोघांनाही निघाला. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (क्रोन्सचाच भाऊबंद, पण मोठ्या आतड्यापुरता आजार) १६ जोड्यांपैकी फक्त एका जोडीत. आकडे लहान आहेत पण अर्थ मोठा आहे, जीन्स सगळेच्या सगळे सारखे असूनही निम्म्याहून जास्त जोड्यांत दुसरा माणूस ठणठणीत. नुसतं रक्तात असतं तर असं झालं नसतं.

मग जीन्स शोधले. २००१ ला नॉड-टू हा पहिला मोठा जीन सापडला, बॅक्टेरियाचे तुकडे ओळखणारा. त्यातले बिघाड दोन्ही बाजूंनी, आईकडूनही आणि वडिलांकडूनही आले तर धोका कित्येक पटींनी वाढतो, तरी असे बिघाड असलेल्या बहुतेक लोकांना क्रोन्स कधीच होत नाही. २०१२ पर्यंत आयबीडीशी (क्रोन्स आणि कोलायटिस या दोन्हींचं एकत्र नाव) संबंध असलेल्या डीएनएमधल्या १६३ जागा सापडल्या होत्या, आता दोनशेच्या वर आहेत, आणि एकेका जागेचा धोका अगदी चिमूटभर. आणि युरोपियन लोकांमधले नॉड-टूचे ते तीन नेहमीचे बिघाड भारतीयांमध्ये फारच क्वचित दिसतात, तरी क्रोन्स आपल्याकडे आहेच, त्यामुळे तिकडच्या डेटावर बनवलेला जेनेटिक स्कोअर (अशा सगळ्या जागा मिळून काढलेला धोक्याचा आकडा) आपल्या माणसाला जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो उंदरांचा प्रयोग. अमेरिकेत सेंट लुईसला एका ग्रुपकडे एटीजी-सिक्स्टीन-एल-वन नावाच्या जीनचं काम कमी केलेले उंदीर होते, हा पण क्रोन्सशी जोडलेला जीन. त्यांच्या लहान आतड्यातल्या पॅनेथ पेशी, म्हणजे जंतूंना मारणारी द्रव्यं सोडणाऱ्या पेशी, बिघडलेल्या दिसायच्या. तेच उंदीर जास्त स्वच्छ जागेत वाढवले तर बिघाड गायब! जीन तोच. शोधलं तर जुन्या जागेत एक नोरोव्हायरस होता, तो दिल्यावर बिघाड परत आला, आणि साध्या उंदरांना तोच व्हायरस दिला तर काहीच नाही. २०१० ला हे छापून आलं. म्हणजे जीन आणि व्हायरस यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, आणि एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य.

माणसांत हाच गुणाकार पकडणं महाकठीण. जीन्स एका रक्ताच्या नळीतून अचूक मिळतात, पण माणसाने पाचव्या वर्षी किती अँटिबायोटिक घेतली हे कोण आठवून सांगणार, आणि आजार झाल्यावर खाणंही बदलतं, पोटातले बॅक्टेरियाही बदलतात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? त्यात सिगरेटसारखी गोष्ट क्रोन्सचा धोका वाढवते आणि कोलायटिसचा मात्र कमी करते, म्हणजे दोन्ही आजार एकाच मॉडेलमध्ये कोंबले तर खरा परिणाम पुसलाच जातो. म्हणून कॅनडातून चालणारा जेम प्रोजेक्ट मला महत्त्वाचा वाटतो. क्रोन्स असलेल्यांची पाच हजारांवर निरोगी भावंडं आणि मुलं घेतली, त्यांचे जीन्स, शौच, खाणं सगळं आधीच नोंदवलं आणि मग वाट बघितली की कुणाला होतो. त्यातून कळलं की ज्यांना पुढे क्रोन्स झाला त्यांच्यात आतड्याच्या अस्तरातून होणारी गळती निदानाच्या काही वर्षं आधीच वाढलेली सापडत होती.

तर हॉस्टेलचं जेवण. काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या मेसने हा आजार कुणी लावून घेत नाही, आईला हे नक्की सांगा, माझी मावशी दोन वर्षं स्वतःला दोष देत बसली होती. आणि काकांना सांगा की घरात कुणाला नसणं अगदी नेहमीचं आहे, बहुतेक पेशंटच्या घरात दुसरा पेशंट नसतोच. तुमचा स्वतःचा धोका चारचौघांपेक्षा जास्त आहे, तरी क्रोन्सच्या बहुतेक भावंडांना तो होत नाही, त्यामुळे जेनेटिक टेस्टवर पैसे घालवू नका. सिगरेट ओढत असाल तर सोडा आणि भावालाही सोडायला लावा, क्रोन्समध्ये त्याने खरंच फरक पडतो. आणि तुम्हाला कधी महिनाभर जुलाब, पोटात कळा, वजन उतरणं असं काही झालं तर डॉक्टरांना भावाचं आवर्जून सांगा, शौचातली कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी) करायची का ते ते ठरवतील.