चिठ्ठी बाद, पण पंचही बाद

मुलुंडच्या एका वाचकबाईंचा प्रश्न आहे. कोजागरीला त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर शब्द ओळखण्याचा खेळ झाला. एकाने खूण सांगायची, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा, आणि एका फेरीतल्या सगळ्या शब्दांत एकच ‘डबल अक्षर’ हवं. ट्टची फेरी चालू होती. ‘आजोबांची संध्याकाळची जागा’, कट्टा. ‘हेका’, हट्ट. ‘कट्टीच्या उलट’, गट्टी. मग खूण आली ‘पूर्वी पोस्टमन आणायचा’ आणि बाईंच्या गटाने ‘चिठ्ठी’ म्हटलं. पंच म्हणाले, तो डबल ठ, बाद! बाई विचारतात, पंच बरोबर की आम्ही?

निकाल बरोबर, कारण चूक. चिठ्ठीत डबल ट नाही, तसा डबल ठही नाही. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘चिठ्ठी’ म्हणा. वाफेचा झोत एकदाच लागतो, शेवटी. आधी जीभ टाळ्याला टेकून थांबते तो कोरडा ट् असतो, मग ठ सुटतो. दोन महाप्राण (ठ, ख, ध अशी झोताची अक्षरं) असे पाठीला पाठ लावून उच्चारता येत नाहीत, पहिल्याचा श्वास काढून घ्यावाच लागतो. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या वररुचीने याचा नियमच सांगून ठेवला आहे. हिंदीवाले ‘चिट्ठी’, ‘मट्ठा’, ‘लट्ठ’ लिहितात ते तोंडाला धरून आहे. हे कबूल करताना माझी बोटं जड होतायत, पण आहे ते आहे.

आपले शुद्धलेखनवाले यावर म्हणतात, मराठीची परंपरा ठ्ठचीच. असेल. मग ‘बुद्धी’ का? कुणी ‘बुध्धी’ लिहिलं की हीच मंडळी लाल पेन काढतात, आणि ‘चिठ्ठी’, ‘लठ्ठ’, ‘लख्ख’, ‘मख्ख’ यांना मात्र आशीर्वाद देतात. एकाच घरात दोन कायदे. ‘परंपरा’ म्हटलं की तोंड बंद होतं असा समज असेल, तर माझं होत नाही.

(जाता जाता, इंग्रजांचा ‘चिट’ हा शब्द याच चिठ्ठीवरून गेला. तो तिकडून परत आला आणि परीक्षेत बाकाखाली जाऊन बसला.)

आता ‘डबल अक्षर’ या प्रकाराबद्दल. हे रोज कानावर पडतं आणि रोज टोचतं. ‘डबल’ नको म्हणून सुचवलं की लोक ‘जोडाक्षर’ म्हणतात, तेही चूक. ‘स्त’ जोडाक्षर आहे, ‘प्र’ आहे, त्यांत दुप्पट काय आहे? एकच व्यंजन दोनदा आलं की ते द्वित्त. मूळ संस्कृत शब्द द्वित्व, पण मराठी जिभेने त्यातला व खाऊन त दुप्पट केला. दुपटीच्या नावातच दुपटी घुसली, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. शिवाय हा खेळ इंग्रजीतून उचललेला दिसतो, आणि तिथली दुपटी बहुधा डोळ्यांपुरती असते. ‘लेटर’ लिहिताना दोन टी, बोलताना एकच. आपल्याकडे ती कानाला लागते, आणि न लागली तर अनर्थ होतो. मुका आणि मुक्का यांत फरक एका क्‌चा. प्रत्यक्ष करून बघू नका.

बरं, खरी गंमत पुढेच आहे. माझं म्हणणं असं की मराठीच्या घरच्या शब्दांत द्वित्त नसतंच. जे द्वित्त दिसतं ते पाहुणं असतं, नाहीतर कुणीतरी आवाज चढवलेला असतो. संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं, मराठीने एक त टाकला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला: सात. तसंच अट्ठचं आठ, हत्थचा हात, कम्मचं काम, अज्जचं आज, दुद्धचं दूध. सायन कोळीवाड्यातले पंजाबी अजून सत्त, अट्ठ, हत्थ, कम्म, अज्ज म्हणतात. त्यांनी दुपटी जपली, आपण ती मोडून दीर्घ स्वर घेतला.

मग दुपटी परत आली कुठून? पत्ते घ्या. बोटं मोजताना आपण सात-आठ म्हणतो, पण पत्ते वाटले की सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी! बदाम सत्ती खेळणाऱ्या पोराला ‘बदाम सात’ म्हणा, तो तुमच्याकडे बघत राहील. माझ्या मते ही नावं पत्त्यांच्या जोडाबरोबरच उत्तरेकडून आली आणि जशीच्या तशी राहिली. ‘पत्ता’ही तसाच. पत्रचं आपल्या घरी झालं ‘पात’, ती कांद्याची. पत्ता बाहेरचा.

कुणीतरी लगेच ‘सत्तावीस’, ‘अठ्ठावीस’ घेऊन येईल. ये बाबा. तिथे पुढे ‘वीस’ जोडलेलं आहे, शब्दाचा भार पुढे सरकला, म्हणून आधीचा स्वर लांबलाच नाही आणि दुपटी वाचली. नियमाला धक्का लागत नाही.

चढवलेल्या आवाजाचा पुरावा तर घरोघरी आहे. ‘आता येतो’ म्हणणारा तासाने येतो. ‘आत्ता ये’ म्हणणारी आई वाट बघत नाही. गोष्टीतला राक्षस मोठा नसतो, मोठ्ठा असतो. शाळेच्या सूचनेत ‘सुटी’ असते, घंटा झाल्यावर पोरं ओरडतात ती ‘सुट्टी’. एका जाणकारांनी मला सुनावलं होतं की सुट्टी अशुद्ध. शनिवारी दुपारी कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहा आणि तिथे अशुद्धाची व्याख्या सांगून बघा.

दक्षिणेचे पाहुणे घरात इतके मुरलेत की ओळखू येत नाहीत. अक्का, अण्णा, अप्पा ही सगळी कानडी नाती. काका, मामा, ताई, दादा यांत दुपटी शोधून दाखवा. शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे कानडी ‘कट्टे’, पार बांधतात तो. त्याच्या मुळाशी ‘कट्टु’, म्हणजे बांधणे. तमिळमध्ये बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा तो ‘कट्टुमरम्’, त्यावरूनच इंग्रजांनी ‘कॅटामरान’ केलं. म्हणजे दादरला आजोबा बसतात ती भिंत आणि समुद्रातली जोडहोडी, दोघी एका धातूच्या लेकी.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे विठ्ठल. वीट आणि स्थळ मिळून विठ्ठल, ही व्युत्पत्ती मी कीर्तनात इतक्यांदा ऐकली आहे की आता टाळ वाजायच्या आधीच मला ती ऐकू येते. पण वीट आली ‘इष्टका’वरून, आणि येताना तिने आपली दुपटी वाटेतच टाकली. तिच्यापासून देव झाला असता तर हा ठ्ठ कुठून आणला? रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३मध्येच सांगितलं होतं की हे ‘विष्णू’चं कानडी रूप आहे. कानडीत विष्णूचा बिट्टि होतो, बाराव्या शतकातला होयसळ राजा विष्णुवर्धन हा मूळचा बिट्टिदेव. मी त्यात माझी भर घालतो. मराठीच्या वाटेने ‘ष्ण’चा ‘ण्ह’ होतो: कृष्णचा कान्हा, उष्णचं ऊन, आणि उन्हाळ्यात तो ह अजून जिवंत आहे. त्या वाटेने विष्णू आला असता तर ‘विन्हू’ झाला असता. ष्णचा ट्ट करणारं तोंड कानडी. माटुंग्यात कृष्णमूर्तीला घरी ‘किट्टी’ म्हणतात, तेच हे तोंड. ट्टचा ठ्ठ मात्र आपल्या जिभेचा. अभंगात त्याला कानडा म्हटलंय ते उगाच नाही. वीट नंतर आली, नाव आधी, असं माझं ठाम मत आहे. यावर वारकऱ्यांशी वाद घालायची माझी तयारी आहे, फक्त एकादशीला नको, त्या दिवशी घरचेच ऐकत नाहीत.

हां, तुमची चिठ्ठी. ट्टच्या फेरीत ती बाद, ठ्ठच्या फेरीत पंचांनी मुकाट्याने द्यावी, कारण सोसायटीच्या गच्चीवर लेखनाप्रमाणेच खेळायचं असतं. आणि पुढच्या कोजागरीला त्या फेरीत ‘विठ्ठल’ घातलात तर खूण ‘विटेवर उभा’ अशी देऊ नका. ‘कल्याणनंतरचं स्टेशन, वाडी सोडून’ म्हणा, मुलुंडकरांना लगेच कळेल.