संकरित गाईंसाठी कोणते रायग्रास निवडावे?

आपली जमीन संगमनेरकडील बागायती आहे, गाई गोठ्यात बांधलेल्या आहेत आणि दुकानदार 'एकदा पेरा, अनेक वर्षे कापा' असे सांगून रायग्रास या चाऱ्याच्या गवताच्या बहुवर्षायू प्रकाराचे बी देऊ पाहत आहे. ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुवर्षायू रायग्रासची ख्याती आयर्लंड-न्यूझीलंडसारख्या थंड, ओलसर देशांतील कुरणांमुळे झाली. पारा 25 अंशांच्या पुढे गेला की या गवताची वाढ मंदावते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात भरपूर पाणी देऊनही ते टिकत नाही. शिवाय हे बी हिरवळीसाठी (लॉनसाठी) तयार केलेले नाही ना, याची खात्री करणे फार आवश्यक आहे, कारण हिरवळीच्या अनेक वाणांत एक बुरशी मुद्दाम राखलेली असते. ती गवताचे किडीपासून रक्षण करते, परंतु तिच्या विषाने जनावरे थरथरतात, लडखडतात आणि पडतात.

आपल्याला एकवर्षायू रायग्रास हवे. मक्खन घास या नावाने विकले जाते ते हेच. त्यातही दोन प्रकार आहेत. इटालियन प्रकाराला फुलोऱ्यासाठी थंडी लागते, त्यामुळे तो दीर्घकाळ पालेदार राहतो, पण सुरुवातीला सावकाश वाढतो. वेस्टरवोल्ड प्रकार लवकर उभा राहतो. आपला हिवाळा आखूड असल्याने मी त्यालाच पसंती देईन.

गोठ्यात कापून घालण्यासाठी टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे चार संच असलेला) वाण चांगला, कारण त्याची पाने रुंद व रसाळ असतात आणि गाई तो आवडीने खातात. चराईसाठी मात्र दाट फुटव्यांचा डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) वाण तुडवण तुलनेने अधिक सोसतो. टेट्राप्लॉइडमध्ये पाणी जास्त असल्याने केवळ त्यावर गाईचे पोट भरत नाही. सोबत कडबा द्यावाच लागतो.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. बी बारीक असते, म्हणून ते एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. जमिनीपासून 5 ते 7 सेंटिमीटर धांडे ठेवून कापावे, कारण पुढच्या फुटीसाठी लागणारी साखर त्या बुडख्यातच साठलेली असते. युरिया दिल्यानंतर लगेच, विशेषतः सलग ढगाळ हवामानात, कापणी टाळावी. अशा वेळी चाऱ्यात नायट्रेट साठते आणि ते गाईच्या जिवावर बेतू शकते. मार्चनंतर त्याच रानात मका किंवा चाऱ्याची ज्वारी घ्यावी, आणि लसूणघासाचा वाफा मोडून रायग्रास लावू नये, कारण प्रथिनांसाठी तो आपल्याला वर्षभर लागणारच आहे.