बारीक पिवळी गोळी कशाची?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, संधिवात आहे आणि शुगर पण. परवा नातवाच्या हातून गोळ्यांचा डबा सांडला, सगळं एकत्र झालं आणि स्ट्रिपा तर त्यांनी आधीच कापून टाकून दिलेल्या. बाकीच्या ओळखल्या पण दोन बारीक पिवळ्या गोळ्या राहिल्या. एका ग्रुपवर फोटो टाकला तर पाच-सहा जण म्हणाले फॉलिक ॲसिड आहे, रोज द्या बिनधास्त. देऊ का?
– एक सूनबाई, सांगली

उत्तर : नका देऊ ताई, निदान आत्ता तरी नको. संधिवात वाचल्या वाचल्या माझ्या डोक्यात आधी मेथोट्रेक्सेट आली. ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच असते, ठरलेल्या वारी, आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून जोडीला फॉलिक ॲसिड देतात, आणि घोळ असा की दोन्ही बऱ्याचदा बारीक, गोल, पिवळ्याच असतात. फॉलिक रोज गेलं तर सहसा काही होत नाही, पण मेथोट्रेक्सेट चुकून रोज पोटात गेली तर काही दिवसांत तोंड आतून सोलवटतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी धडाधड कमी होतात, माणसं दगावलीत यात. ग्रुपवाले कदाचित बरोबरही असतील हो, पण सासूबाईंना संधिवात आहे हे फोटोत कुठे दिसतंय? आणि सहा जणांनी एकच नाव सांगितलं म्हणजे सहा जणांनी ओळखलं असंही नसतं, पहिल्याने लिहिलं, बाकीच्यांनी री ओढली.

फोटोचंच बघा ना, ट्यूबलाइटखाली पिवळी गोळी पांढरट दिसते, साइझचा अंदाज येत नाही, आणि मधली रेघ तर नुसती अर्धी करायला असते. कुणीतरी गोळी ओळखायच्या वेबसाइटची लिंक पण देतं. त्या अमेरिकेत चालतात कारण तिथल्या औषध खात्याच्या, म्हणजे एफडीएच्या नियमाने जवळपास प्रत्येक गोळीवर अक्षर-आकड्यांचा कोड छापावाच लागतो, आपल्याकडे तशी सक्ती नाही, कित्येक गोळ्या कोऱ्याच येतात, मग ती साइट दिसायला जवळची कुठलीतरी परदेशी गोळी दाखवते आणि आपण खूश.

तुम्ही असं करा, त्या दोन गोळ्या, सासूबाईंची फाइल आणि शेवटचं बिल घेऊन नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे जा. त्याच्याकडे कंपनी आणि बॅचसकट नोंद असते, तो त्याच ब्रँडची नवी स्ट्रिप शेजारी धरून बघेल. तरी खात्री पटली नाही तर टाकून द्या आणि नवीन घ्या, दोन गोळ्यांसाठी कशाला जीव टांगणीला. मेथोट्रेक्सेटचा एखादा डोस हुकला तर फार बिघडत नाही, डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या. पण डबा सांडल्यापासून पिवळी गोळी रोज दिली गेली असेल तर मात्र तोंड येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, ते सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी करायला लावतील.

पुढे स्ट्रिप कापायची झाली तर नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवायचा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड पण सक्तीचा आहे, स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच सगळं येतं, अर्थात पाकीट फेकलं तर कोडही गेला. आणि आठवड्याची गोळी रोजच्या डब्यात ठेवूच नका, वेगळी डबी, वर वार लिहून.

प्रश्न : लहान मुलाने आजोबांची कुठली तरी गोळी गिळली तर ग्रुपवर विचारायला काय हरकत आहे? उत्तर लगेच येतं.
– वाचक, नाशिक

उत्तर : येतं की लगेच, ‘काही होत नाही, दूध पाजा’ असं. शुगरची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळी पण छोट्या पोराची साखर धोक्याइतकी खाली आणू शकते, तेही काही तासांनी, त्यामुळे पोर मस्त खेळतंय यावर जाऊ नका. १०८ लावा नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर २४ तास असतं, फोन फुकट आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा सोबत घ्या आणि कुठल्या स्ट्रिपमधली किती कमी झाली ते मोजून जा, डॉक्टर आधी तेच विचारतात.