विचारा, सांगते : कयाक, कुर्ल्या आणि तिथी

प्रश्न : ताई, आम्ही सोसायटीतले बारा जण डिसेंबरात देवबाग-तारकर्लीला जायचं म्हणतोय, सकाळी कयाकिंग आणि बाकी वेळ फक्त मासे, एवढाच प्लॅन. पण शनिवार-रविवार पकडून तारीख टाकली की ग्रूपवर भांडण, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी. त्यात अर्ध्या लोकांना पोहता येत नाही. तुम्हीच सांगा, कधी जाऊ? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : अगं, डिसेंबर म्हणजे बहुतेक मार्गशीर्षाचे गुरुवार आलेच, त्यामुळे भांडण होणारच. पण शनिवार-रविवार बघायच्या आधी कालनिर्णयात तिथी बघा, आणि हे मी उपासासाठी सांगत नाहीये, भरतीसाठी सांगतेय. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, शुद्ध पक्ष असो की वद्य. म्हणजे अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. मालवणात तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून जायच्या आधी मोबाईलवर मालवणचं भरतीचं टाइमटेबल बघाच, पण तारीख काढायला हा हिशेब पुरतो.

आता संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, चार पाऊणे तीन, भरती दुपारी तीनला आणि सकाळी नऊच्या सुमाराला खाडी रिकामी, कडेला नुसता चिखल. म्हणजे त्या दिवशी मासेही नाहीत आणि कयाकही नाही, संकष्टीवाल्यांना सांगा की त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. एकादशी-द्वादशी मात्र झकास. डिसेंबरात सातच्या आसपास उजाडतं, तेव्हा पाणी चढत असतं, त्याच्याबरोबर कर्ली खाडीत वरच्या अंगाला जायचं, भरती पूर्ण झाली की जरा थांबायचं आणि पाणी उतरायला लागलं की त्याच्यावरच परत यायचं, हात निम्मेच दुखतात. एकादशी करणारे असतील तर त्यांनी कयाक मारून साबुदाणा खावा, सुरमई द्वादशीला. त्रयोदशीपासून पुढे मात्र उधाणाकडे जातं, पाण्याची ओढ वाढते, नवख्यांनी तेव्हा नको.

आणि सकाळच का, तर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो खाडीत आत येतो आणि परत येताना नेमका तोंडावर. शिवाय उशीर केलात तर त्सुनामी आयलंडकडे जेट-स्की आणि बनाना बोटी चालू होतात, त्यांच्या लाटा कयाकला आडव्या बसल्या की हेलकावे सुरू, तशी लाट आली तर कयाकचं टोक तिच्याकडे वळवायचं, आडवं राहायचं नाही.

पोहता न येणाऱ्यांनी घाबरू नका पण एक गोष्ट पक्की, देवबागच्या संगमाकडे जायचं नाही. कर्ली तिथे समुद्राला मिळते आणि ओहोटीला पाणी सरळ बाहेर ओढतं. फोटोत फार सुंदर दिसतो तो संगम, बघायचाच असेल तर किनाऱ्यावरून बघा किंवा मोठ्या बोटीतून. दोन सीटवाली, वर बसायची कयाक घ्या, तिला तळाला भोकं असतात, पाणी आलं तरी निघून जातं आणि उलटली तरी आत अडकायला होत नाही. पोहणारा एक, न पोहणारा एक अशा जोड्या लावा, वजनदार माणूस मागे. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत येत असेल तर ते सैल आहे, दुसरं मागा, लाजू नका. पडलात तर कयाक सोडायची नाही. आणि पायात पट्ट्याचे फ्लोटर्स घाला, कांदळवनाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, अनवाणी उतरलात की तळवा फाटलाच.

प्रश्न : मासे ताजे आहेत हे कसं ओळखायचं आणि बिलात फसवणूक कशी टाळायची? मागे एका ठिकाणी शेवंडाचं (लॉब्स्टरचं) बिल बघून जेवण उतरलं होतं.

उत्तर : शेवंड, मोठी कुर्ली म्हणजे खेकडा, अख्खं पापलेट हे वजनावर जातं, थाळीत नाही येत, त्यामुळे चुलीवर चढायच्या आधी वजन आणि भाव विचारायचा, नंतर नाही. माझं मत विचाराल तर बारा जणांनी शेवंडावर पैसे घालवूच नयेत. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, मुडदुशे तळलेले आणि सोलकढी, याच्यापुढे शेवंड काय. संध्याकाळी मालवणच्या बंदरावर चक्कर मारा, लिलाव चालू असतो. बांगडा हातात आडवा धरला तर ताठ राहिला पाहिजे, डोळा फुगीर आणि कल्ले लाल. तिसऱ्या उघड्या दिसल्या तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. बांगडा, सुरमई बर्फाशिवाय उन्हात पडलेले असतील तर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, त्यात हिस्टामाइन तयार होतं, ते शिजवून जात नाही, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं आणि लोक म्हणतात मला माशाची अ‍ॅलर्जी आहे. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर बघायला जा, पण दोरीला हात लावायच्या आधी विचारा, त्यांचं ते पोट आहे.

प्रश्न : आमच्यात दोघी शुद्ध शाकाहारी आहेत, आणि एकीला कोळंबी चालत नाही, अंगावर गांधी उठतात. त्यांचं काय?

उत्तर : शाकाहारींची चैन आहे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, काजूची उसळ, रसातल्या खापरोळ्या, फक्त घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवा, ऐन वेळी सांगितलंत तर डाळ-भातच मिळेल. कोळंबीवालीने कुर्ली आणि शेवंडही खायचं नाही, ते सगळे एकाच जातकुळीतले. आणि तिचा मासा कोळंबीच्याच तेलात तळला जाऊ नये म्हणून तिचा तवा वेगळा ठेवायला सांगा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बॅगेत तळाशी नको, वरच्या कप्प्यात.