ओढा ऐकू येतो, पक्षी येत नाही!

प्रश्न (पाटण तालुक्यातून) : पावसाळा लागला की घरामागच्या ओढ्याला भल्या पहाटे, अंधार असतानाच, एक पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालतो. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर नुसता पाण्याचा खळखळाट, पक्षी कुठंतरी लांब. चांगला माईक घेऊ का?

उत्तर : हा बहुतेक शीळकरी कस्तूर. ओढा, धबधबा सोडून तो फार लांब जात नाही, त्यामुळे पाण्याचा आवाज त्याच्यासोबत येणारच.

माईक नंतर घ्या हो, आधी जागा बदला. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि त्याला एक रुपया लागत नाही. फक्त पक्ष्याकडे सरकताना आपण पाण्याकडेही सरकतो, म्हणून बांध, मोठा धोंडा, गोठ्याची भिंत असं काहीतरी तुमच्या आणि ओढ्याच्या मध्ये येईल अशी जागा धरायची, पक्षी वर फांदीवर बसलेला असला तर त्याचा आवाज वरनं येतो आणि पाण्याचा बराचसा अडतो. फोनचा माईक खाली चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, ते टोक पक्ष्याकडे करा (आपण सगळे स्क्रीन धरतो, व्हिडिओची सवय!). फोन हातात नको, बोटांची करकर येते, दगडावर रुमाल टाकून त्यावर ठेवा आणि फ्लाईट मोड लावा.

फोनमधला साधा रेकॉर्डर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, बाकीचं सगळं त्याला गोंगाट वाटतं आणि तो ते दाबतो. ती नॉईज रिडक्शनची सेटिंग बंद करा, डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज जसाच्या तसा साठवणारी फाईल) रेकॉर्ड करणारं एखादं फुकट ॲप टाका. एमपीथ्रीमध्ये फाईल लहान होते पण काही बारकावे कायमचे जातात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून.

रेकॉर्डिंग संपलं की लगेच त्यातच बोलून ठेवा : गाव, तारीख, वेळ, पाऊस होता का, पक्षी दिसला की नुसता ऐकला. हे नसेल तर दहा वर्षांनी ती फाईल म्हणजे नुसती शीळ.

प्रश्न (पलूसहून, कॉलेजची विद्यार्थिनी) : काका, आमच्या ग्रुपमधला एकजण सागरेश्वरला गेला की स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावतो. पक्षी लगेच समोर येतो, फोटो भारी मिळतात. यात पक्ष्याचं काय बिघडतं?

उत्तर : अगं, तो फोटो द्यायला येत नाही, भांडायला येतो. त्याच्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं त्याला वाटतं. मग खाणं सोडून, कधी घरटं सोडून तो त्या स्पीकरभोवती फिरत बसतो, शत्रू सापडत नाही आणि आवाज तर चालूच. विणीच्या दिवसांत हे लै महागात पडतं, तेवढ्यात कावळ्याला घरटं मोकळं मिळतं. अभ्यासक मोजणीसाठी परवानगी काढून, थोडा वेळ असा आवाज वापरतात, ते काम वेगळं. तुमच्या मित्राला म्हणावं एका जागी अर्धा तास गप बस, मग बघ काय काय येतं.

आणि आवाजावरनं पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवलं म्हणून लगेच यादीत टाकू नकोस. ॲप चुकतं, शिवाय आपला कोतवाल पक्षी शिक्र्याची, म्हणजे एका शिकारी पक्ष्याची, हुबेहूब नक्कल करतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं मानू नये.

प्रश्न (सातारा शहर) : आवाज रेकॉर्ड करून ठेवले म्हणजे जपले असं होतं का?

उत्तर : नाही. 1889 मध्ये जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या पोराने घरातल्या पिंजऱ्यातल्या शामाचा आवाज मेणाच्या सिलिंडरवर धरला, पक्ष्याचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग म्हणून तेच सांगतात. शामा म्हणजे आपल्या सह्याद्रीतही असणारा पक्षी. रेकॉर्डिंग टिकलं म्हणून काही जंगल टिकत नाही, ती फक्त नोंद. पण नोंद नसेल तर काय गेलं हेही कळत नाही, म्हणून करायचीच.

जपायचं म्हणजे आधी आपला आवाज कमी करायचा. हॉलंडमध्ये लायडन शहरातल्या ग्रेट टिट पक्ष्यांवरचा अभ्यास 2003 मध्ये आला, गोंगाटाच्या भागातले नर ट्रॅफिकच्या घरघरीतनं ऐकू जावं म्हणून वरच्या पट्टीत गातात. आता कास पठारावर फुलांच्या सीझनमध्ये गाड्यांची रांग लागते, पुढची गाडी हलत नाही हे दिसत असूनही मागचा हॉर्न दाबतो, काय मिळतं देव जाणे. रात्रीचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आहेतच, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. रिसॉर्टवाल्याचा डीजे चालू असेल तर 112 ला फोन लावा, बिनधास्त.

प्रश्न (कराडहून) : शेतात पहिल्या पावसानंतरचा बेडकांचा आवाज रेकॉर्ड केलाय. कुणाच्या उपयोगाचा आहे का?

उत्तर : आहे की! झेनो-कँटो ही वेबसाईट 2005 मध्ये पक्ष्यांसाठी निघाली, आता तिथं बेडूकही घेतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाईटवरही नुसता आवाज टाकता येतो, जात माहीत नसली तरी चालतं, जाणकार सांगतात. बेडकाच्या प्रत्येक जातीची हाक वेगळी असते, त्यामुळे रात्री टॉर्च न मारता ओळख पटते. एवढंच करा, फाईल कापून-साफ करून टाकू नका, मागचा पाऊस, रातकिडे, कुत्रं भुंकलेलं सगळं तसंच राहू द्या, आणि एखाद्या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याजवळचं रेकॉर्डिंग असेल तर नेमकं लोकेशन लपवा, तालुका लिहिला तरी पुरे.