धरणे देत नाहीत, धरतात

प्रश्न आला आहे : 'प्रकल्पग्रस्तांनी जिल्हाधिकारी कचेरीसमोर धरणे दिले' हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. मराठीत धरणे धरतात, धरणे धरून बसतात. 'दिले' हे हिंदीतल्या 'धरना दिया'चं उसनं शेपूट. त्याहून वाईट म्हणजे 'धरणावर बसले'. सामान्यरूप धरण्या- असं होतं : धरण्याला, धरण्यात. धरणावर बसलेला माणूस भिंतीवर असतो.

शब्दच हिंदीतून आला म्हणणाऱ्यांनी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडावा. 'धरणे' हे आपलं रोजचं क्रियापद, त्याचंच नाम झालं. धरायचं काय? दार! सावकार देणेकऱ्याच्या उंबऱ्याशी अन्न सोडून बसे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनाही घास घेता येत नसे. बसणारा दारातच मेला तर पाप घरधन्याच्या माथी, या भीतीवर सगळी वसुली. 2024पर्यंत लागू असलेल्या 1860च्या भारतीय दंडसंहितेत, कलम 508मध्ये, दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याला उदाहरण दिलं होतं ते याच दारातल्या धरण्याचं. उपोषण कुठेही करता येतं, ठिय्या रस्त्यातही मारता येतो. धरण्याला मात्र देणेकरी लागतो आणि त्याचं दार लागतं. मंत्रालयापासून लांब, नेमून दिलेल्या आझाद मैदानात बसणं ही फार तर सभा. 'निषेधार्थ बसणे' एवढाच अर्थ देऊन मोकळे होणारे मला मुळीच पटत नाहीत. येणं वसूल करायचं नसेल तर ते धरणे कसलं?

धरणही त्याच 'धृ' धातूचं, पाणी धरतं ते धरण. 16 एप्रिल 1921, रामनवमी : मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले, काम थांबलं. पुढे सेनापती बापटांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. त्या बसण्याला सर्रास धरणे म्हणतात, पण पाणी तेव्हा चढायचं होतं, येणं काही थकलेलं नव्हतं. ती अडवणूक होती, आणि 'सत्याग्रह' हेच नाव तिला शोभतं. कोयनेचं उलट. साठच्या दशकात शेतं धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली, पर्यायी जमिनीचं येणं पिढ्यान्‌पिढ्या थकलं. तिथल्या धरणग्रस्तांनी आपल्या बसण्याला ठिय्या म्हटलं तरी शब्दाच्या जुन्या अर्थाने ते अस्सल धरणे, आणि ते बसले की बातमीत लिहावं : 'कोयना धरणग्रस्तांनी धरणे धरले.'