पहिल्यांदाच इतरांचे पगार ठरवताना

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. विभागाची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि येत्या वार्षिक मूल्यमापनानंतर तुझ्या सहीने माणसांचे पगार ठरणार, हे वाचून आनंद झाला. “आमच्याकडे स्त्री-पुरुष असा भेद कुणी करत नाही, तरीही मी काय काळजी घ्यावी?” असे तू विचारले आहेस. प्रश्नाचा उत्तरार्ध मला आवडला, पूर्वार्धाबद्दल मात्र मी साशंक आहे. कुणाच्याही मनात खोट नसताना पगारांत तफावत पडते, आणि बहुधा अशा जागी पडते जिथे डोकावण्याची कुणालाच सवय नसते. तेव्हा सद्भावनेवर विसंबण्याआधी पगारपत्रक उघडून बस.

त्यातला नावांचा रकाना झाकून ठेव. पद, श्रेणी, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, रुजू होतानाचा पगार आणि आजचा पगार एवढेच समोर राहू दे. एकाच श्रेणीतल्या दोन माणसांच्या पगारातील फरकाचे कारण या रकान्यांतून सांगता येत नसेल, तर तिथे खूण कर आणि सगळ्या खुणा करून झाल्यावरच नावे उघड. माग काढत गेल्यावर त्यांतील बऱ्याच खुणा तुला रुजू होतानाच्या पगारापाशी नेऊन सोडतील. आधीच्या ठिकाणी किती मिळत होते, हे विचारून त्यावर काही टक्के चढवून नवा पगार ठरवण्याची पद्धत सोयीची असते खरी, पण तिच्यामुळे आधीच्या मालकाने केलेला अन्याय आपण आपल्या खर्चाने पुढे चालवत राहतो. सुरुवातीलाच एखादीचा पगार बरोबरीच्या सहकाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी ठरला, तर पुढे दोघांना दरवर्षी अगदी सारखी टक्केवारी दिली तरी ते दहा टक्के हटत नाहीत आणि रकमेतील अंतर वाढतच जाते. युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या वेतन पारदर्शकता निर्देशाने उमेदवाराला आधीचा पगार विचारायला मनाई केली आहे आणि पदासाठीचा पगार आधी सांगणे बंधनकारक केले आहे, ते याच कारणाने. तुझ्या देशात असा नियम असो वा नसो, तू हे उद्यापासून करू शकतोस वा शकतेस, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. “तिने मागितलेच नाही” हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले आहे. पगार कामाचा द्यायचा की घासाघीस करण्याच्या कौशल्याचा, हे आधी ठरवावे आणि मग ते उत्तर द्यावे.

गुप्ततेची किंमत काय असते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील लिली लेडबेटर यांचे आहे. १९७९ साली गुडइयर कंपनीच्या टायर कारखान्यात रुजू झालेल्या या बाईंना, आपला पगार बरोबरीच्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी आहे हे निवृत्ती जवळ आल्यावर एका निनावी चिठ्ठीतून कळले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा मुदतीबाहेर गेल्याचे कारण देऊन त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. जे ठाऊकच नव्हते त्याविरुद्ध त्यांनी वेळेत दाद कशी मागायची होती, हे कोडे शेवटी २००९ साली कायदा बदलून सोडवावे लागले. पगाराची चर्चा करू नये असा दंडक तुझ्या विभागात असेल, तर तो कुणाच्या सोयीचा आहे याचा विचार कर.

एवढी छाननी करूनही अर्धेच काम होते, कारण श्रेणी बरोबर लावल्या आहेत असे आपण गृहीत धरलेले असते. १९६८ साली लंडनजवळच्या डॅगनम येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या बायकांनी संप केला. त्यांचे काम ‘ब’ श्रेणीत, म्हणजे कमी कौशल्याचे म्हणून टाकले होते आणि त्यातही त्यांना त्या श्रेणीतल्या पुरुषांच्या ८५ टक्केच दर मिळत होता. संपानंतर दर वाढला, दोन वर्षांत ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदाही झाला. पण त्या शिवणकामाला वरची श्रेणी मिळायला १९८४ साल उजाडले, आणि तेही पुन्हा संप केल्यावर. दर वाढवून घेणे सोपे गेले, कामाची पायरी बदलून घ्यायला सोळा वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ सालच्या शंभराव्या करारात समान मूल्याच्या कामाला समान मोबदला असे म्हटले आहे. म्हणजे दोन पदांची नावे वेगळी असली तरी कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या कसोट्यांवर ती ताडून पाहायला हवीत. तुझ्या विभागात ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्यांची श्रेणी यंत्रे हाताळणाऱ्यांपेक्षा खाली असेल, तर ती कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर लावली हे विचार. बहुधा कुणालाच आठवणार नाही.

मूल्यमापनाचे अर्ज वाचताना शब्दांकडे लक्ष दे. एका अर्जात ‘ठाम भूमिका घेतो, नेतृत्वगुण आहेत’ असे लिहिलेले असते. त्याच बैठकीत तेवढ्याच ठामपणे बोललेल्या सहकारी स्त्रीच्या अर्जात ‘काम चोख, पण स्वभाव जरा तापट, सर्वांना सांभाळून घ्यायला शिकावे’ असा शेरा सापडतो. स्वभावावरच्या प्रत्येक शेऱ्यापुढे एक घडलेला प्रसंग लिहायला सांग. प्रसंग आठवत नसेल तर शेरा खोडायला लाव. बैठकीचे इतिवृत्त कोण लिहिते, नव्या माणसांना हाताशी धरून कोण शिकवते, निरोपसमारंभाची जुळवाजुळव कुणाच्या गळ्यात पडते, याचीही एकदा नोंद काढ. ही कामे झाल्याशिवाय विभाग चालत नाही आणि ती केल्याने बढतीही मिळत नाही. “कोण करेल?” असे विचारून वाट पाहिलीस की हात बहुधा बायकांचेच वर येतात, म्हणून सरळ पाळी लाव.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. २०२३ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले की, संपन्न देशांत आज उरलेली तफावत मुख्यतः एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि ती मोठ्या प्रमाणात पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर पडते. याची मोठी जबाबदारी त्या अशा नोकऱ्यांवर टाकतात, ज्यांत वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला अवाच्या सवा जास्त मोबदला मिळतो. उलट उदाहरण म्हणून त्यांनी अमेरिकेतील औषधनिर्मात्यांचा, म्हणजे दुकानात औषधे देणाऱ्या फार्मासिस्टांचा, व्यवसाय अभ्यासला. तिथे रुग्णांच्या नोंदी संगणकावर आल्या, औषधे प्रमाणित झाली, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याला अडचणीशिवाय हाती घेता येऊ लागले, आणि कमी तास काम करणाऱ्यालाही तासाचा दर जवळजवळ तोच मिळू लागला. यातून तुला घेण्याजोगे पुष्कळ आहे. एखादा ग्राहक ‘फक्त त्याच्याशीच’ बोलतो, एखादी फाइल ‘फक्त तिलाच’ कळते, अशा जागा हुडक आणि प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार कर. प्रसूतिरजेवरून परतलेल्या सहकारी स्त्रीचे मूल्यमापन ती हजर असलेल्या महिन्यांवर कर. ‘तिला आता त्रास नको’ म्हणून मोठा प्रकल्प परस्पर दुसऱ्याला देऊ नकोस. आधी तिला विचार. वडील झालेल्या सहकाऱ्याने रजा मागितली तर ती कुत्सित हसण्यावारी न नेता मंजूर कर, कारण मुलाची रजा एकट्या आईच्याच खात्यावर पडत राहिली तर नेमणूक करणारे तिच्याकडे धोका म्हणूनच पाहत राहतील.

तफावत सापडली की वरून पहिले उत्तर येईल, यंदा तरतूद नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८७ साली मॅकिनन मॅकेंझी कंपनी विरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा या खटल्यात हाच बचाव आला होता. लघुलेखक स्त्रियांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन होते. समान वेतनाचा कायदा लागू होणे हे व्यवस्थापनाच्या आर्थिक ऐपतीवर अवलंबून नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि कामगार संघटनेशी झालेल्या कराराची ढालही चालू दिली नाही. हा निकाल हाताशी ठेव, पण सुरुवात त्याने करू नकोस. आधी खुणा केलेला तक्ता, प्रत्येक फरकाची रक्कम आणि एकूण लागणारा खर्च मनुष्यबळ विभागाला लेखी पाठव. सगळ्यांची दुरुस्ती यंदा जमत नसेल तर सर्वांत मोठ्या फरकापासून सुरुवात करून पुढच्या टप्प्यांच्या तारखा लेखी मागून घे. ही रक्कम वार्षिक वाढीतून वळती होऊ देऊ नकोस, कारण तसे केल्यास जिला कमी मिळत होते तिचीच कामगिरीची वाढ तिच्या जुन्या थकबाकीत मुरते आणि इतरांची वाढ कापली तर सगळा विभाग तिच्याकडे रागाने पाहतो. ज्यांचा पगार वाढेल त्यांना कारण खरे सांग. ‘उत्तम कामगिरीबद्दल बक्षीस’ असे त्याला म्हणू नकोस, ते आधीच देणे होते.

तक्ता तयार झाला की नावे वगळून मलाही पाठव, श्रेणींच्या बाबतीत काही अडले तर सोबत बसून पाहू.

तुझा शुभचिंतक